शंभर वर्षांचा पूर आणि आमच्या घराचे जोते

(तृतीय वर्ष, स्थापत्य)

सुरुवातीलाच कबुली देते. पहिली ते दहावी मी सिस्टर्सच्या शाळेत काढली. तिथे मराठीचा तास म्हणजे बाकाखाली डबा उघडायचा तास. त्यामुळे मॅडम मासिकाच्या मराठी विभागासाठी लेख मागायला आल्या तेव्हा मी सरळ इंग्रजी विभागाकडे बोट दाखवलं. मॅडम म्हणाल्या, "इंग्रजीत तिघींनी दिलेत. परवा रात्री मेसच्या टेबलावर ज्युनिअर मुलींना पुराचं गणित समजावत होतीस ना, तेच लिही. जसं बोलत होतीस तसंच." म्हणून हा लेख. ऱ्हस्व-दीर्घ मॅडमनी तपासले आहेत, गणितं मी तपासली आहेत. चूक सापडली तर ती कुणाची हे त्यावरून ठरवावे!

आमचे घर सांगलीत, कृष्णेच्या बाजूला. पुढच्या खोलीत आजोबांनी सुरू केलेले वह्या-पुस्तकांच्या बाइंडिंगचे दुकान, मागे आम्ही राहतो. दुकानाच्या भिंतीवर तीन रेघा आहेत. सगळ्यात खालची २००५ ची, फरशीपासून दोन फुटांच्या थोडी वर. ती आजोबांनी खिळ्याने ओढली. तेव्हा मी सहा महिन्यांची होते आणि मला दुलईत गुंडाळून होडीतून नेले होते म्हणे. सगळ्यात वरची रेघ २०१९ ची, साधारण सहा फुटांवर, म्हणजे माझ्या डोक्यावरून. मधली २०२१ ची, साडेतीन फुटांवर. ही मी स्वतः ऑइलपेंटने काढली, तेव्हा मी अकरावीत होते.

२००५ चे पाणी ओसरल्यावर ओळखीचे एक इंजिनिअर घरी आले होते. त्यांनी आजोबांना सांगितले, "काका, हा शंभर वर्षांचा पूर. आता निर्धास्त राहा." आजी चहा देता देता म्हणाली होती, "म्हणजे आता दोन हजार एकशे पाचला?" सगळे हसले. आजोबांनी त्या भरवशावर नवी फरशी घातली, कागदाची रिमे पूर्वीसारखीच जमिनीलगतच्या फळीवर रचायला लागले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती सगळी रिमे फुगून दुप्पट झाली. ओला कागद किती जड होतो ते ज्याने उचललाय त्यालाच माहीत. आणि मग दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा तेच.

आता घर पाडून नव्याने बांधायचे ठरते आहे. दिवाळीच्या सुट्टीत पप्पांनी मला विचारले, "तू सिव्हिलला आहेस ना? मग सांग, जोते किती उचलायचं?" गवंडी म्हणतात तीन फूट. प्रत्येक फुटाला भराव, काँक्रीट आणि पैसे. शिवाय प्रत्येक फुटाला दोन पायऱ्या, आणि आजीचे गुडघे! पाचव्या सेमिस्टरच्या ओरलमध्ये मला "गंबेल्स मेथड" विचारली होती, मी घडाघडा सांगितली होती आणि चांगले मार्क्स मिळाले होते. पण पप्पांसमोर माझी बोबडीच वळली. तर पुढे जे आहे ते, ओरल झाल्यानंतर मी जे खरोखर शिकले ते.

आधी रेकॉर्ड म्हणजे काय ते बघू. नदीवर एखाद्या ठिकाणी रोज पाण्याची पातळी वाचतात आणि त्यावरून दर सेकंदाला किती घनमीटर पाणी वाहते ते काढतात. त्यालाच क्युमेक म्हणतात. पेपरात येतात ते क्युसेक, म्हणजे घनफूट. एका क्युमेकचे साधारण ३५.३ क्युसेक. प्रत्येक वर्षातला फक्त सर्वांत मोठा आकडा घ्यायचा, बाकी सगळे सोडून द्यायचे. वर्ष आपले कॅलेंडरचे नाही, जून ते मे असे धरतात, म्हणजे एक पावसाळा दोन वर्षांत तुटत नाही. ही झाली वार्षिक कमाल प्रवाहांची मालिका. यात एक अन्याय आहे. एकाच पावसाळ्यात दोन मोठे पूर आले तर दुसरा हिशेबातच येत नाही, आणि कोरड्या वर्षातला चिल्लर पूर मात्र मानाने बसतो. त्यावर उपाय आहेत, पण ते जाऊ दे.

आपल्या सगळ्यांच्या बॅगेत असलेल्या सुब्रमण्य यांच्या हायड्रॉलॉजीच्या पुस्तकात भीमा नदीचे एक उदाहरण आहे. ठिकाणाचे नाव देवरगाव असे छापले आहे. १९५१ ते १९७७ अशा २७ वर्षांचे आकडे, क्युमेकमध्ये. आपण सगळ्यांनी हे गणित जर्नलमध्ये उतरवले आहे, पण आकड्यांकडे किती जणांनी बघितले?

१९५१ ते १९६० : २९४७, ३५२१, २३९९, ४१२४, ३४९६, २९४७, ५०६०, ४९०३, ३७५७, ४७९८

१९६१ ते १९७० : ४२९०, ४६५२, ५०५०, ६९००, ४३६६, ३३८०, ७८२६, ३३२०, ६५९९, ३७००

१९७१ ते १९७७ : ४१७५, २९८८, २७०९, ३८७३, ४५९३, ६७६१, १९७१

(शेवटचा १९७१ हा प्रवाह आहे, साल नव्हे. मी पहिल्यांदा साल समजून तो खोडला होता आणि उत्तर का जुळत नाही म्हणून अर्धी रात्र जागले होते.)

पहिली पायरी अगदी सोपी. आकडे मोठ्यापासून लहानापर्यंत लावायचे आणि नंबर द्यायचे, वर्गात रँक लावतात तसे. मग वायबुल यांचे सूत्र: वर्षांच्या संख्येत एक मिळवायचा आणि रँकने भागायचे. इथे २७ अधिक १ म्हणजे २८. पहिल्या रँकचा पूर १९६७ चा, ७८२६; त्याचा रिटर्न पिरियड २८ वर्षे. दुसरा ६९००, त्याचा १४ वर्षे. तिसरा ६७६१, ९.३ वर्षे. चौथा ६५९९, ७ वर्षे. सगळ्यात लहान १९७१ क्युमेकचा, त्याचा जेमतेम १.०४ वर्षे, म्हणजे एवढे पाणी जवळपास दर वर्षी येणारच.

एक का मिळवायचा? मी सरांना विचारले होते. नाही मिळवला तर सत्तावीस वर्षांतल्या सर्वांत लहान पुराचा रिटर्न पिरियड बरोबर एक वर्ष येतो, म्हणजे त्यापेक्षा कमी पाणी जगाच्या अंतापर्यंत कधी येणारच नाही असा अर्थ होतो. नदीने असे काही लिहून दिलेले नाही. आपण बघितलेल्या सगळ्यांत लहानापेक्षा लहान आणि मोठ्यापेक्षा मोठे येऊ शकते, त्याला जागा ठेवायची, म्हणून तो एक.

पण या पद्धतीने २८ वर्षांच्या पुढे जाता येत नाही. शंभर वर्षांचा पूर हवा असेल तर आपल्याकडे शंभर वर्षांचे रेकॉर्ड नाही. इथे गंबेल येतात.

गंबेल म्हणजे मला वाटायचे कुणीतरी धरणे बांधणारे इंजिनिअर. तसे नाही. एमिल ज्युलियस गंबेल हे जर्मनीतले गणितज्ञ, जन्म १८९१ म्युनिकचा. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत राजकीय खुनांचे सत्र सुरू होते. यांनी काय करावे? मोजायला बसले. उजव्या गटांनी केलेले ३५४ खून, डाव्यांनी केलेले २२, आणि कोर्टाने कुणाला किती शिक्षा दिली हे सगळे कोष्टकात मांडून १९२२ मध्ये पुस्तक छापले. कोर्ट कुणाला सोडते ते कोष्टकातच दिसत होते. अर्थात नाझी विद्यार्थी त्यांच्या जिवावर उठले. १९३२ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठातून त्यांना काढले, ते फ्रान्सला गेले, १९४० मध्ये तिथूनही पळून अमेरिकेला. आणि १९४१ मध्ये त्यांनी पुराच्या रिटर्न पिरियडवरचा तो पेपर लिहिला जो आपण ओरलमध्ये दोन ओळींत उडवतो. पुस्तकात हे काही दिलेले नाही. मला लायब्ररीत दुसरेच काही शोधताना मिळाले आणि तेव्हापासून त्या डबल लॉगचा राग थोडा कमी झाला.

गंबेल यांचे म्हणणे थोडक्यात असे. वर्षातला सर्वांत मोठा पूर हा ३६५ दिवसांतला एक निवडलेला आकडा आहे, आणि असे निवडलेले कमाल आकडे नेहमीच्या घंटेच्या आकाराच्या वक्रावर बसत नाहीत. त्यांची एक शेपटी मोठ्या आकड्यांकडे लांब जाते. त्या शेपटीचे गणित त्यांनी पुराला लावले.

करायचे कसे? आधी सरासरी काढा: ४२६३. मग स्टँडर्ड डेव्हिएशन, मराठी माध्यमवाल्यांचे प्रमाण विचलन: १४३२.६. मग हव्या त्या रिटर्न पिरियडला, समजा १००, त्यातून एक कमी करून आलेल्या ९९ ने भागा: १.०१०१. त्याचा नॅचरल लॉग, ०.०१००५. त्याचा पुन्हा लॉग आणि चिन्ह उलटे: ४.६००. त्यातून कोष्टकातली २७ वर्षांसाठीची किंमत ०.५३३२ वजा करा, दुसऱ्या किमतीने म्हणजे १.१००४ ने भागा. आले ३.६९६. म्हणजे शंभर वर्षांचा पूर हा सरासरीच्या वर ३.६९६ वेळा स्टँडर्ड डेव्हिएशन. गुणाकार, बेरीज, उत्तर ९५५८ क्युमेक. क्युसेकमध्ये सुमारे ३ लाख ३७ हजार. याच रीतीने दहा वर्षांचा पूर ६४९९, पन्नास वर्षांचा ८६४९.

इथपर्यंत जर्नल संपते. सर सही करतात.

पप्पांच्या प्रश्नामुळे मी एक उद्योग केला, तो जर्नलमध्ये नाही. मी अशी कल्पना केली की मी १९६० च्या शेवटी बसले आहे. माझ्याकडे फक्त पहिले दहा आकडे आहेत. सरासरी ३७९५, स्टँडर्ड डेव्हिएशन ९१२.६. कोष्टकातून दहा वर्षांच्या किमती घेतल्या, ०.४९५२ आणि ०.९४९६. शंभर वर्षांच्या पुराचे उत्तर आले ७७४० क्युमेक. आता वरचे आकडे पुन्हा बघा. १९६७ मध्ये किती आले? ७८२६!

म्हणजे १९६० मध्ये बसलेल्या हुशार मुलीने सगळे बरोबर केले असते, एकही चूक नाही, आणि तिचा "शंभर वर्षांचा पूर" सात वर्षांत ओलांडला गेला असता. बरं, हाच ७८२६ चा पूर पूर्ण २७ वर्षांच्या हिशेबात घालून उलटे गणित केले तर त्याचा रिटर्न पिरियड येतो साधारण २७ वर्षे. पाणी तेच, नदी तीच. १९६० च्या कागदावर तो शंभरीपार, १९७७ च्या कागदावर सत्तावीस वर्षांचा. हे उत्तर आले तेव्हा मी कॅल्क्युलेटर दोनदा बंद करून चालू केला. मग रूममेटला उठवून तिच्याकडून करून घेतले. तिचेही तेच आले (आणि वर बोलणीही बसली).

मग उलटे करून बघितले. २७ वर्षांतून फक्त १९६७ चा आकडा वगळला. शंभर वर्षांचा पूर ९५५८ वरून ८८३१ झाला. एका वर्षाने सातशे क्युमेकचा फरक. त्या वर्षी गेज वाचणाऱ्याला ताप आला असता आणि नोंद राहिली असती, तर पूल तेवढ्याने बुटका झाला असता.

म्हणूनच पुस्तकात पुढच्याच पानावर कॉन्फिडन्स लिमिट दिली आहे, जी परीक्षेत येत नाही म्हणून आपण सोडतो. भीमेच्या या आकड्यांना ती लावली तर ९५ टक्के खात्रीने शंभर वर्षांचा पूर सुमारे ७१०० ते १२००० च्या मध्ये कुठेतरी आहे. केवढी रुंद फट! ९५५८ हा आकडा चार अंकी असल्यामुळे फार अचूक वाटतो, पण त्यातले शेवटचे दोन अंक नुसते शोभेचे आहेत. माझे मत असे की उत्तरपत्रिकेत ही फट लिहिल्याशिवाय पूर्ण मार्क्स देऊच नयेत. सरांना हे मत अजून सांगितलेले नाही.

आता "शंभर वर्षांचा" या शब्दाकडे येते, कारण आमच्या घरात सगळा घोटाळा त्यानेच केला. त्याचा अर्थ शंभर वर्षांतून एकदा, मग शंभर वर्षे सुट्टी, असा मुळीच नाही. अर्थ एवढाच की कोणत्याही एका वर्षी तेवढा किंवा त्याहून मोठा पूर येण्याची शक्यता एक टक्का. शंभर चिठ्ठ्यांच्या डब्यातून दर वर्षी एक चिठ्ठी काढायची आणि परत टाकायची. यंदा लाल निघाली म्हणून पुढच्या वर्षी डब्यातून लाल चिठ्ठी काढून घेत नाहीत. नदीला मागच्या वर्षीचे आठवत नाही.

मग पन्नास वर्षे उभे राहणाऱ्या घराचे काय? एका वर्षी न येण्याची शक्यता ०.९९. पन्नास वर्षे सलग न येण्याची, ०.९९ चा पन्नासावा घात, ०.६०५. म्हणजे निदान एकदा येण्याची शक्यता साडेएकोणचाळीस टक्के. शंभर वर्षांच्या घराला ६३ टक्के. आपल्या राज्यात नदीकाठी दोन पूररेषा आखतात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांच्या पुराची. निळ्या रेषेवर बांधलेल्या घराला पन्नास वर्षांत एकदा तरी पाणी लागण्याची शक्यता ८७ टक्के. हे ज्युनिअर मुलींना सांगितले तर एक म्हणाली, "ताई, मग आपलं हॉस्टेल निळ्या रेषेवर असतं तर?" चार वर्षांच्या डिग्रीला १५ टक्के. बॅकलॉग राहिला तर जास्त.

मग सांगलीला २००५, २०१९, २०२१ असे तीन आले, ते तिन्ही शंभर वर्षांचे होते का? हिशेब करून बघू. २००५ ते २०२१ ही १७ वर्षे. खऱ्याखुऱ्या शंभर वर्षांच्या पुराने १७ वर्षांत तीनदा यावे याची शक्यता दहा हजारांत सहा. इतके अघटित घडले असे मानण्यापेक्षा, पाटीच चुकीची होती असे मानणे सोपे आहे. इथे थोडे प्रामाणिकपणे बोलायला हवे. मी १७ वर्षांची खिडकी नेमकी पुरापासून पुरापर्यंत धरली, आणि देशातल्या सगळ्या नद्या सोडून जिथे पूर आला तीच निवडली. त्यामुळे दहा हजारांत सहा हे जरा वाढवून सांगितल्यासारखे आहे. तरी पाटीवरचा माझा संशय जात नाही.

आणखी दोन गोष्टी, ज्यांचा मला प्रत्यक्ष घराच्या हिशेबात त्रास झाला.

एक म्हणजे पातळी आणि प्रवाह वेगळे. सांगलीत सगळे आयर्विन पुलाची भाषा बोलतात. चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीसला धोका, २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले. ही पातळी झाली. गंबेलच्या सूत्रात प्रवाह लागतो. पातळीवरून प्रवाह काढायला रेटिंग कर्व्ह असतो, तो नदीत वेगवेगळ्या पातळ्यांना करंट मीटर सोडून, वेग गुणिले क्षेत्रफळ करून तयार करतात. पण खरा मोठा पूर असतो तेव्हा करंट मीटर घेऊन कोण जाणार? झाडे, सिलिंडर, म्हशी वाहत येत असतात. म्हणून कर्व्ह वरच्या टोकाला नुसता पट्टीने पुढे वाढवलेला असतो. म्हणजे ज्या आकड्यांवर आपले सगळे गणित उभे, तेच सगळ्यांत कमी मोजलेले! शिवाय सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळते, पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा. त्या दोघी भरून आल्या की कृष्णेचे पाणी मागे तुंबते. तेवढाच प्रवाह, पण पातळी वेगळी.

दुसरे म्हणजे धरणे. सूत्र असे धरून चालते की २७ ही वर्षे एकाच डब्यातल्या चिठ्ठ्या आहेत. भीमेवर १९८० मध्ये उजनी पूर्ण झाले. त्यानंतरचे आकडे १९५१ च्या आकड्यांना सरळ जोडता येत नाहीत, कारण मध्ये माणसाने दरवाजे बसवले. कृष्णेच्या वरच्या अंगाला कोयना आहे. पाऊस कसा पडतो हेही बदलते आहे, नदीकाठी भराव पडताहेत. डबाच बदलत असेल तर जुन्या चिठ्ठ्या मोजून किती कळणार? अमेरिकेत गंबेल सोडून लॉग-पिअर्सन टाइप थ्री वापरतात, पण डबा बदलला तर तेही बिचारे काय करणार.

असो. पप्पांचा प्रश्न राहिलाच. माझ्याकडे कृष्णेच्या प्रवाहाची मालिका नव्हती. होती ती दुकानाची भिंत. मग मी भिंतीलाच रेकॉर्ड धरले. प्रवाह नको, पातळीच घेऊ, कारण घराला पातळीशीच मतलब. २००५ ते २०२५, २१ पावसाळे, तीन रेघा. वायबुल लावले. २२ भागिले १, २०१९ च्या रेघेला २२ वर्षे. २०२१ ला ११. २००५ ला सव्वासात.

मी हे मोठ्याने वाचत होते. आजी गवार निवडत होती. म्हणाली, "अगं पण दोन हजार पाचाच्या आधी काय नदी नव्हती होय? मी एकाहत्तर साली या घरात आले. एक-दोनदा पायरीला पाणी लागलं. उंबऱ्याच्या आत कधी नाही आलं."

मी थक्कच झाले. माझ्या हिशेबात केवढी मोठी चूक होती! माझे रेकॉर्ड पहिल्या पुराच्या दिवशी सुरू होत होते. म्हणजे आधीची सगळी कोरडी वर्षे मी आपोआप फेकून दिली होती. आजीने एका वाक्यात ३४ वर्षे जोडून दिली. आकडा नाही, पण "उंबऱ्याच्या खाली" एवढी नोंद पुरते, कारण वरच्या तीन रँक त्याने बदलत नाहीत. आता १९७१ ते २०२५, ५५ वर्षे. ५६ भागिले १, २०१९ च्या रेघेला ५६ वर्षे. २०२१ ला २८. २००५ ला १८.७. नंतर कळले की अशा आठवणी, देवळावरच्या खुणा, जुनी पत्रे यांचा उपयोग करायची रीतसर पद्धत आहे. आजीला ती आधीच माहीत होती.

पप्पा म्हणाले, "पण गेल्या वीस वर्षांत काहीतरी बदललंय. तुझ्या आजीची चौतीस वर्षं आता लागू पडतील कशावरून?" हेही खरे. डबा बदलल्याचा मुद्दा मीच त्यांना आदल्या दिवशी सांगितला होता, तो माझ्यावरच उलटला. म्हणून दोन्ही टोके ठेवली. २०१९ ची रेघ ५६ वर्षांची मानली तर नव्या घराच्या पन्नास वर्षांत पाणी पुन्हा तिथवर जाण्याची शक्यता ५९ टक्के. २२ वर्षांची मानली तर ९० टक्के. कुठलेही टोक धरा, नाणे उडवण्यापेक्षा वाईट.

मग गवंड्यांचे तीन फूट कुठे बसते? २०२१ च्या रेघेच्याही खाली. पैसे जातील, पायऱ्या वाढतील आणि पाणी तरी येईलच. जोते उचलायचे तर सहा फुटांच्या वर, नाहीतर उचलूच नये. मी हे सांगितल्यावर घरात थोडा वेळ शांतता होती. आजी म्हणाली, "पन्नास वर्षांत चार दिवस येणाऱ्या पाण्यासाठी मी रोज वीस पायऱ्या चढू व्हय?" या प्रश्नाला माझ्याकडे सूत्र नाही.

शेवटी ठरले ते असे. कॉलम्सवर घर, पहिला स्लॅब आताच्या फरशीपासून नऊ फुटांवर, म्हणजे २०१९ च्या रेघेच्या वर तीन फूट. कटिंग मशीन, कागद, कपाटे, कागदपत्रे सगळे वर. खाली आजीची एक खोली, जोते आहे तेवढेच. आत लोखंडी कॉट, भिंतीला अर्ध्या उंचीपर्यंत टाइल्स, विजेचे पॉइंट छताजवळ, आणि तासाभरात दोघांना उचलून नेता येणार नाही असे काहीही ठेवायचे नाही. जुलै ते सप्टेंबर आजी वर. बाकीचे नऊ महिने खाली, तिच्या तुळशीजवळ. पप्पांनी तसे ड्रॉइंग करायला दिले आहे. आजीने अजून होकार दिलेला नाही, "बघू" म्हणाली आहे.

भीमेच्या गणिताची पाने मी हॉस्टेलच्या स्टडी रूममध्ये ठेवली आहेत, १९६० वाला उद्योगही त्यात आहे. ज्यांना पडताळायचे आहे त्यांनी जरूर पडताळावे. जर्नलमध्ये उतरवायचे असेल तर निदान शेवटचा १९७१ हा आकडा साल समजून खोडू नका, सर लगेच ओळखतात.